एक हातमोजा जास्त

१

प्रयोगाआधी मुली मला चिठ्ठ्या देतात. हातमोजे दोन, लांब मोजे दोन, पट्टा एक, पिसांचा पंखा एक. नाचता नाचता कोण अंगावरून काय काय उतरवून भिरकावणार, त्याची ती यादी. नाच संपला की अर्धं मिनिट अंधार होतो. त्या अंधारात मी टोपली घेऊन रंगमंचावर जाते आणि सगळं उचलून आणते. एखादा मोजा मागे राहिला तर पुढच्या मुलीचा पाय त्यावरून सटकायचा आणि भर प्रयोगात हाड मोडायचं. म्हणून यादीत जेवढं, टोपलीत तेवढं. यात मी कधी तडजोड केली नाही.

बर्लेस्कच्या, म्हणजे असे कपडे उतरवत केलेल्या नाचांच्या, दुनियेत हे काम करणारीला मांजर म्हणतात. बहुतेक ठिकाणी विशीतल्या पोरी शेपटी लावून हे काम करतात. मी एकोणसाठ वर्षांची मांजर आहे, एक खुबा धातूचा आहे आणि शेपटी लावायला मी साफ नकार दिलेला आहे.

आमचं हॅटपिन थिएटर मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, जुन्या टोप्यांच्या दुकानात आहे. खुर्च्या बासष्ट. ऑगी लिंडेमन मालक, तोच तिकिटं फाडतो, तोच दिवे लावतो, तोच संडास तुंबला की बाह्या सरसावतो. मी इथे चौदा वर्षं नाचले, 'मिस मार्मलेड' या नावाने. मग खुबा गेला. इस्पितळात ऑगी भेटायला आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "टिली, कपडे उचलायला माणूस पाहिजे मला. येतेस?" मी तोंड भिंतीकडे करून रडले होते. आधीची बाई सोडून गेली असणार, असं मी तेव्हा धरून चालले. तिची जागा मला मिळाली.

त्या माणसाचे उपकार मी विसरणं शक्य नाही. म्हणूनच गेलं वर्षभर मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होते, आणि त्याचा मला फार त्रास होत होता.

माझी नजर जात चालली आहे. अंधारात तर काहीच दिसत नाही, आणि उजेडातसुद्धा कडेचं पुसलं जाऊन मधला एक गोल तेवढा उरलाय. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, थांबवता येणार नाही. ऑगीला कळलं असतं तर त्याने मला त्या अंधारात एकदाही पाठवलं नसतं. आणि हे काम गेलं तर माझ्यापाशी एक खोली, एक रेडिओ आणि समोरचं मासळीचं हॉटेल एवढंच उरतं. मी पावलं मोजून काम करत होते. हाताने चाचपून, यादी पाठ करून.

२

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी डेझिरेचा नाच झाला. डेझिरे प्रुइट आमची सगळ्यात हुशार मुलगी, दिवसा ती दाताच्या दवाखान्यात काम करते. तिची यादी हातमोजे दोन. विंगेत येऊन मी टोपली चाचपली आणि हातमोजे तीन निघाले.

तिसरा डाव्या हाताचा होता. करडा, सॅटिनचा, कोपरापर्यंत. मनगटापाशी तीन बटणं, त्यातलं मधलं पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं. अंगठा आत दुमडून व्यवस्थित घडी घातलेली. भिरकावलेला हातमोजा कधी घडी होऊन पडत नाही.

"तुझा का गं हा?" मी डेझिरेला विचारलं.

"करडा? मिस टिली, मी मेले तरी मला करड्या कपड्यात पुरू नका हं!"

फेब्रुवारीच्या थंडीत मिलवॉकीत हातमोजा सापडणं म्हणजे नवल नव्हे. आमची हरवल्या वस्तूंची पेटी हातमोज्यांनीच भरलेली असते. पुढच्या रांगेतल्या एखाद्या बाईने भरात येऊन आपला फेकला असेल, प्रेक्षक बर्लेस्कला काय वाटेल ते करतात. मी तो पेटीत टाकला आणि घरी गेले.

घरी गेल्यावर मात्र आठवलं, की उचलताना तो गरम होता. नुकताच कुणी हातातून काढावा तसा.

३

तो महिना गडबडीचा होता. शेवटच्या रविवारी दुपारी येत्या हंगामाची झलक दाखवायची होती. नवीन नाटकांमधले तुकडे, मध्ये मध्ये बर्लेस्क. यंदा ऑगीने तीन प्रायोगिक नाटकं घेतली होती. एकात कुणी बोलतच नाही. दुसऱ्यात प्रेक्षकांनी आपापल्या घरी बसून फोनवर ऐकायचं. तिसरं क्विन्सी या लांबोडक्या, गंभीर तरुणाचं. त्यात जमिनीतून एक माणूस वर येतो आणि चाळीस मिनिटं बटाटे सोलतो.

"पुढे काय होतं?" मी विचारलं होतं.

"तेच तर, टिली," क्विन्सी म्हणाला. "पुढे काही होत नाही. तुम्हाला अस्वस्थ वाटलं?"

"मला भूक लागली."

त्याच्यासाठी ऑगीने रंगमंचाला भोक पाडून दिलं. दोन हात रुंद, चार फूट लांब, खाली तळघर, नऊ फुटांवर सिमेंट. झाकण खालच्या बाजूला उघडायचं आणि खालूनच कडी. भोवती अंधारात चमकणारी पट्टी लावली होती. ती म्हणे छान हिरवी चमकायची. मला ती कधी दिसली नाही.

बुधवारी दुपारी डेझिरेची तालीम होती. बाहेर बर्फावर लख्ख ऊन, आत ऑगीने दिवे घालवले की मिट्ट काळोख. मी सात पावलं गेले, एक हातमोजा घेतला, आठव्याला मोजे, आणि नवव्या पावलाला पायाशी काहीतरी मऊ लागलं. उचललं. तीन बटणं. मधल्याचा दोरा जाड.

मी थेट पेटीपाशी गेले. करडा हातमोजा पेटीत नव्हता. म्हणजे पेटीतून काढून कुणीतरी तिथे ठेवला. थट्टा, दुसरं काय! मला बरंच वाटलं. थट्टेला काहीतरी उत्तर देता येतं.

मग एक गोष्ट आठवली आणि तो बरेपणा गेला. शनिवारी तो सातव्या पावलाला होता.

४

शुक्रवारच्या तालमीला मी तो हातमोजा घरून घेऊन आले. माझ्या लोकरी जाकिटाच्या आतल्या खिशात घातला आणि खिसा आणि हातमोजा मिळून एक मोठी सेफ्टी पिन लावली. वरून ओव्हरकोटाची बटणं लावली. ऑगी म्हणाला, "आत हीटर लावलाय की गं, एवढं काय गुंडाळून घेतलंयस?" मी म्हटलं, हाडं दुखतात.

अंधार झाला. पावलं मोजत निघाले. नऊ. काही नाही. दहा. डेझिरेचा पट्टा मिळाला. अकराव्या पावलाला मी वाकले, आणि माझ्या बोटांना आधी थंड धातू लागला. सेफ्टी पिन. तशीच बंद.

ओव्हरकोटाची बटणं लावलेलीच होती. मी उभी राहून एकेक चाचपलं. पाचही.

विंगेत आल्याबरोबर मी भिंतीला टेकले. डेझिरेने पाणी आणून दिलं. "मिस टिली, तुम्ही पांढऱ्याफटक दिसताय. बसा बरं. काय झालं?"

"काही नाही. वय झालं."

सांगणार तरी काय? अंधारात मला एक वस्तू जास्तीची सापडते, असं सांगितलं की पहिला प्रश्न येणार, तुला नीट दिसतं ना? मी माझ्याशीच वाद घालत बसले. डोळे गेले की मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो, नसलेली माणसं दिसतात, फुलं दिसतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण त्या दिसण्याबद्दल बोलल्या होत्या. मला काही दिसत नव्हतं. मला मिळत होतं.

सगळे पाँच्की खायला पुढच्या खोलीत गेले. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस जवळ आले की ऑगी पोलिश बेकरीतून हे मनुकांचा जॅम भरलेले तळलेले गोळे खोके भरभरून आणतो. मी दिवे लावून रंगमंचावर एकटी गेले. सात पावलं गेले आणि खडूने फुली मारली. नवव्याला फुली. अकराव्याला फुली. मग मागे सरून, माझ्या त्या लहान गोलातून पाहिलं.

तिन्ही फुल्या एका रेषेत होत्या. रेष तशीच पुढे नेली की तेराव्या पावलाला क्विन्सीचं झाकण होतं.

मला तिकडे नेलं जात होतं. दोन दोन पावलांनी, मांजरीला दूध दाखवत न्यावं तसं. मी चपलेने फुल्या पुसल्या आणि पाँच्की खायला गेले.

५

रविवारी दुपारी दोन वाजता बासष्ट खुर्च्या भरल्या, भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. मी मनाशी ठरवलं होतं, अकराव्या पावलापुढे जायचं नाही. काहीही होवो. यादीतलं सगळं अकराच्या आत मिळालं की परत फिरायचं. जास्तीच्या वस्तूशी आपल्याला कर्तव्य नाही.

डेझिरे त्या दिवशी बेभान नाचली. मी कधीतरी तशी नाचायचे. एक हातमोजा दातांनी ओढत तिने पुढच्या रांगेतल्या आजोबांकडे असं पाहिलं की त्यांच्या बायकोनेच शिट्टी घातली. शेवटचा मोजा तिने डोक्यावरून मागे भिरकावला आणि दिवे गेले.

मी निघाले. सहा, हातमोजा. आठ, पट्टा. नऊ, दुसरा हातमोजा, पंखा. दहा, एक मोजा. अकरा.

दुसरा मोजा नव्हता.

मी गुडघ्यावर बसून डावीउजवीकडे चाचपलं. नाही. तिने मागे भिरकावला होता, म्हणजे तो पुढेच असणार. नंतर डेझिरे आणि बाकीच्या मुली शेवटच्या नाचाला पळत यायच्या होत्या, अनवाणी. तो मोजा राहिला तर कुणीतरी पडणार, आणि ते माझ्या भित्रेपणामुळे. मी उठले. अकराची हद्द मीच घालून घेतली होती. तरीही बारावं पाऊल टाकलं.

बाराव्याला काही नव्हतं. तेराव्यासाठी मी पाय उचलला आणि हात पुढे केला.

हात हातमोज्याला लागला. तो जमिनीवर नव्हता, हवेत होता, माझ्या कमरेच्या उंचीला. सॅटिन, तीन बटणं. आणि तो रिकामा नव्हता.

बोटं माझ्या मनगटाभोवती मिटली. ओढलं नाही, ढकललं नाही. रस्ता ओलांडताना पोराचा हात धरतात तसा नुसता घट्ट धरला. माझा एक पाय अधांतरी होता. तो मी मागे आणला, त्याच जागी, जिथून उचलला होता. तेव्हा कुठे चेहऱ्याला खालून वर येणारी थंड हवा लागली. तळघराचा ओला वास. मी गुडघे टेकले, टोपली ठेवली, दुसरा हात पुढे टाकून जमीन शोधली, आणि जमीन नव्हती.

माझ्या त्या पसरलेल्या तळव्यावर कुणीतरी हलकेच काहीतरी ठेवलं. मोजा. घडी घातलेला.

मग खाली क्विन्सीच्या नटाने आपला दिवा लावला आणि भोकातून पिवळा उजेड वर आला. माझा गोल लहान आहे, पण त्यात जे मावलं ते मला स्वच्छ दिसलं. माझ्या मनगटावरची पाच करडी बोटं. पिवळा दोरा. आणि त्या हाताचं कोपर भोकाच्या पलीकडच्या काठावर टेकलेलं. मध्ये चार फूट पोकळी होती.

कोपराच्या वर मी नजर नेली नाही. न्यायला जमलं असतं. त्या उजेडात पलीकडे कुणीतरी माझ्यासारखंच ओणवं झालेलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या हाताला टोपली होती, एवढंच सांगते.

बोटं सुटली. बटाट्यांचं घमेलं घेऊन नट डोकं वर काढत होता. एक म्हातारी आपल्यासमोर गुडघे टेकून बसलीय हे पाहून तो पार गोंधळला आणि त्याने मला एक बटाटा दिला.

प्रेक्षकांना वाटलं नाटकच आहे. क्विन्सीच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला टाळ्या पडल्या.

६

चूक कशी झाली ते लगेच कळलं. 'टाळ्या थांबल्या की झाकण उघड' अशी त्या नटाला खूण दिलेली होती. तालमीला प्रेक्षक नसतात, त्यामुळे ती खूण कधी करूनच पाहिली नव्हती. बर्लेस्कमध्ये शेवटचा कपडा पडतो तेव्हा टाळ्या एकदम थांबतात, सगळं थिएटर श्वास धरून बसतं, आणि मग खरा गोंधळ सुरू होतो. त्या बिचाऱ्याने जन्मभर प्रायोगिक नाटकं केलेली. तिथे एकदा थांबलेल्या टाळ्या परत येत नाहीत. त्याने त्या शांततेत कडी काढली.

क्विन्सी माझे हात धरून रडला. मी म्हटलं, "अरे, तुझं नाटक चाललं. पुढे काहीतरी झालं शेवटी."

सगळे गेल्यावर मी ऑगीसमोर बसले. खिडकीत चार वाजताचं ऊन होतं. मी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. हातमोज्याचं नाही. 

"वर्षभर?" तो म्हणाला. "वर्षभर तू आंधळी त्या काळोखात जात होतीस? अगं बाई, मला सांगितलं असतंस तर मी काय तुला हाकलून देणार होतो का?"

"ही जागा गेली असती. त्या आधीच्या बाईची गेली तशी."

"कुठली बाई?"

"माझ्याआधी कपडे उचलायची ती. मी नाचायचे तेव्हा होती ना. चौदा वर्षं तिने माझं सगळं उचललं, ऑगी, आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नाव विचारलं नाही. नाच झाला की मी खोलीत जायचे, आणि थोड्या वेळाने पडद्याबाहेर माझी टोपली असायची. सगळं घड्या घालून. हातमोज्यांचे अंगठे आत दुमडलेले. बटण तुटलं असलं तर लावून." मी कोटाचं सैल बटण चाचपलं. "दोरा भलत्याच रंगाचा असायचा. मी त्यावरून तिला नावं ठेवायचे."

ऑगीने खुर्ची जवळ ओढली. मग अगदी हळू बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा.

"टिली, अशी कुणी बाई नव्हती. तेव्हा माणूस ठेवायची ऐपत कुठे होती माझी? मुली आपलं आपण उचलायच्या. अंधारात रांगत, शिव्या देत, एकमेकींच्या डोक्यावर आपटत. तुझं तेवढं कधी काही पडलेलं नसायचं. मला वाटायचं, तू सगळ्यांत चपळ."

"मग माझं हे काम?"

"तू इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडली होतीस." त्याने नाक पुसलं. "काहीतरी काम सांगायला हवं होतं. सुचेल ते बोललो."

मी त्याचा हात धरला.  त्या हाताचा मला इतका आधार वाटला, आणि त्याच वेळी पाठीच्या कण्यातून काहीतरी थंड उतरत गेलं. दोन्ही एकदमच झालं. आजही मला ते वेगळं करता येत नाही.

७

आता मांजर म्हणून एक नवी मुलगी आहे. शेपटी लावते. माझ्यासाठी ऑगीने पुन्हा एक काम शोधून काढलं. प्रयोगाआधी मी पडद्यापुढे दिव्यात उभी राहते आणि येत्या महिन्याची नाटकं, नाच, तारखा पाठ म्हणून दाखवते. मध्ये दोन चावट विनोद करते. लोक हसतात. 'माझी मिस मार्मलेड परत आली,' असं एका म्हाताऱ्याने दारात थांबून मला सांगितलं.

नव्या मुलीला मी विचारते, यादी जुळते ना? ती म्हणते, बरोब्बर जुळते. रंगमंचावर जास्तीचं काही सापडत नाही.

मी एकटी राहते. दाराला आतून साखळी असते. त्या रविवारी घरी आल्यावर मी दमून कपडे खुर्चीवर टाकले आणि झोपले. सकाळी कोटाचं सैल झालेलं बटण पक्कं लावलेलं होतं. काळ्या कोटावर पिवळा दोरा. हातमोजे त्यावर, अंगठे आत दुमडून.

मी खूप वेळ दारात उभी राहिले. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग घसा खाकरला आणि रिकाम्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मी तेव्हा आभार मानले नाहीत. चुकलंच माझं. फार उपकार आहेत तुमचे." काही आवाज आला नाही. तेव्हापासून मी घरात कपड्यांच्या घड्या घातलेल्या नाहीत.

गोल अजून लहान होतोय. वर्ष, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, मग अंधार. आधाराला कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. अंधारात मी एकटी नसेन, पाय चुकला तर कुणीतरी मनगट धरेल, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचं मला बरं वाटतं.

बहुतेक वेळा.